जिमी स्मिथ : गोदामातल्या रियाजाचा वारसा

जानेवारी १९९५. न्यूयॉर्कमधील एका ध्वनिमुद्रण कक्षात एक जडशीळ लाकडी ऑर्गन मांडलेला होता आणि त्याच्यापुढे सत्तरीकडे झुकलेला एक वादक बसला होता. त्याच्याभोवती ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि गिटार घेऊन सज्ज असलेली मंडळी मात्र बहुतेक तिशीच्या आतली होती. ट्रम्पेटवादक निकोलस पेटन एकवीस वर्षांचा होता, तर रॉय हारग्रोव्ह पंचवीस वर्षांचा. या मुलांचा जन्मही झालेला नव्हता तेव्हाच समोर बसलेल्या गृहस्थांनी आपल्या वाद्याचा इतिहास बदलून टाकला होता. त्यांचे नाव जिमी स्मिथ.

त्या दिवसांत तयार झालेली ध्वनिमुद्रिका ‘डॅम!’ अशा उद्गारवाचक नावाने त्याच वर्षी बाजारात आली. एका बुजुर्ग कलावंताने तरुणांना हाताशी धरून केलेली ध्वनिमुद्रिका, अशी तिची ओळख सहज करून देता येईल. तथापि, स्मिथ यांच्या आयुष्याचा आलेख पाहिला की एक प्रश्न मनात येतो. त्या खोलीत कोणी कोणाला हात दिला होता? कारण ज्या वाद्याला स्मिथ यांनी जॅझमध्ये मानाचे स्थान मिळवून दिले, ते वाद्य मधल्या काळात अडगळीत गेले होते आणि त्याबरोबर त्यांचे नावही काहीसे मागे पडले होते.

डाव्या हाताचे शिक्षण

जेम्स ऑस्कर स्मिथ यांचा जन्म अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाजवळच्या नॉरिसटाउन या गावी ८ डिसेंबर रोजी झाला. जन्मवर्ष कुठे १९२५, तर कुठे १९२८ असे नोंदलेले आढळते. आई आणि वडील दोघेही पियानो वाजवत. वडिलांनी मुलाला ‘स्ट्राइड’ पद्धतीचे वादन शिकवले. या पद्धतीत डाव्या हाताला विश्रांती नसते. तो खर्जातला सूर आणि वरचा स्वरसमूह यांच्यात सतत उड्या मारत ठेका धरून ठेवतो आणि उजवा हात धुनेचा विस्तार करतो. पुढे स्मिथ यांचा डावा हात एका संपूर्ण वादकाचे काम करू लागला, त्याचे मूळ या बाळकडूत आहे. वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी हौशी कलावंतांच्या एका रेडिओ स्पर्धेत बक्षीस मिळवले.

तरुणपणी ते अमेरिकी नौदलात होते. तिथून परतल्यावर माजी सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी शैक्षणिक सवलतीचा लाभ घेऊन त्यांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतले. १९४८ मध्ये हॅमिल्टन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये ते डबल बास शिकले आणि त्यानंतर फिलाडेल्फियातील ऑर्नस्टीन स्कूलमध्ये पियानो. तंतुवाद्यातील खर्जाची ही ओळख पुढे फार मोलाची ठरली. १९५१ पासून डॉन गार्डनर यांच्या ‘सोनोटोन्स’ या वाद्यवृंदात ते पियानो वाजवू लागले. वाद्यवृंद ऱ्हिदम अँड ब्लूज वाजवणारा होता. रोजचे काम होते, परंतु नाव होण्यासारखे त्यात काही नव्हते. तशात त्यांच्या कानावर वाइल्ड बिल डेव्हिस यांचा ऑर्गन पडला.

घड्याळजीचे वाद्य

संगीत नाटकांच्या साथीमुळे मराठी रसिकाला ऑर्गन नवा नाही. आपल्याकडचा तो ऑर्गन पायाने भाता मारून वाजतो. हवा धातूच्या पट्टीवरून जाते आणि सूर उमटतो. युरोपातील चर्चमधल्या भव्य ऑर्गनमध्ये हीच हवा उंच नळ्यांतून खेळते. स्मिथ यांनी जो ऑर्गन आपलासा केला, त्यात हवेचा काही संबंध नाही. शिकागोच्या लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ मध्ये तो बाजारात आणला. हॅमंड हे संगीतकार नव्हते. विजेवर चालणाऱ्या घड्याळांची मोटर बनवणारे ते अभियंता आणि संशोधक. त्यांच्या यंत्रात दातेरी कडांची ९१ धातूची चाके लोहचुंबकांसमोर फिरतात. त्यांतून सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो ध्वनिवर्धकातून सूर म्हणून बाहेर पडतो.

नळ्यांचा महागडा ऑर्गन घेणे ज्यांना परवडत नाही, अशा चर्चना आणि घरांना स्वस्तातला पर्याय द्यावा हा हॅमंड यांचा हेतू होता. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये हे वाद्य लवकरच रुळले. पुढे आलेले ‘बी-३’ हे त्याचे सर्वांत गाजलेले रूप. त्यात पट्ट्यांच्या दोन रांगा असतात, प्रत्येकीत ६१ पट्ट्या. पायाखाली आणखी २५ पट्ट्या खर्जासाठी. वर ड्रॉबार नावाच्या दांड्या असतात. त्या कमीअधिक ओढून सुराचा पोत बदलता येतो. सोबतीला डॉन लेस्ली यांनी तयार केलेला, आत भोंगा गरगर फिरवणारा ध्वनिवर्धक असला की सुराला लाटांसारखे कंपन मिळते. बैठक आणि पायपट्ट्या धरून या वाद्याचे वजन सुमारे १९० किलो भरते. ते घेऊन गावोगाव फिरणे ही हमालीच होती.

स्मिथ यांच्यापूर्वी जॅझमध्ये ऑर्गन कोणी वाजवलाच नव्हता असे नाही. फॅट्स वॉलर यांनी १९२० च्या दशकात नळ्यांच्या ऑर्गनवर ध्वनिमुद्रणे केली होती. काउंट बेसी अधूनमधून ऑर्गनकडे वळत. वाइल्ड बिल डेव्हिस आणि मिल्ट बकनर हे तर ऑर्गनवर भरघोस स्वरसमूह वाजवून संपूर्ण वाद्यवृंदाचा आभास निर्माण करीत. परंतु सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट यांच्या बरोबरीने, वेगवान आणि नाजूक एकल वादन करू शकणारे वाद्य म्हणून जाणकार त्याच्याकडे पाहत नव्हते. चर्च, स्केटिंगचे रिंगण आणि रेडिओवरील मालिका हीच त्याची ठरलेली ठिकाणे होती.

भिंतीवरचा नकाशा

केवळ पायपट्ट्या नीट वाजवायला शिकण्यातच पंधरा वर्षे जातील, असे डेव्हिस यांनी आपल्याला बजावले होते, ही आठवण स्मिथ पुढे मुलाखतींमधून सांगत असत. या इशाऱ्याने ते खचले नाहीत. त्यांनी व्याजाने पैसे काढून एक हॅमंड विकत घेतला आणि फिलाडेल्फियातील एका गोदामात तो ठेवला. सकाळी डबा घेऊन गोदामात जायचे, दिवसभर वाजवायचे आणि मग घरी परतायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. पायपट्ट्यांचा एक मोठा नकाशा काढून त्यांनी तो समोर भिंतीवर लावला होता. पायांकडे न पाहता पट्टी सापडावी, यासाठी ही युक्ती. सुमारे वर्षभर हा रियाज चालला.

गुरू नाही, पाठ्यपुस्तक नाही, अनुकरण करावे असा नमुनाही नाही. ऑर्गनवाल्यांची नक्कल करण्याऐवजी त्यांनी चार्ली पार्करसारख्या सॅक्सोफोनवादकांच्या धाटणीचा अभ्यास केला. फुंकून वाजवणारा वादक जशी एकेका सुराची लांब, वळणदार ओळ गुंफतो, तशी ओळ त्यांनी उजव्या हातात आणली. डाव्या हाताने डबल बासचा चालता खर्ज उभा केला आणि पायाच्या हलक्या ठोक्याने त्या खर्जाला धार दिली. वरच्या ड्रॉबारपैकी पहिले तीनच पूर्ण ओढायचे आणि त्याला आघाताचा एक छोटा, टणत्कारी स्वर जोडायचा, अशी मांडणी त्यांनी रूढ केली. पट्टी दाबताना येणारा ‘टक्’ असा बारीक आवाज हा हॅमंडच्या अभियंत्यांच्या दृष्टीने दोष होता. स्मिथ यांच्या वादनात त्याच आवाजाने लयीला टोक आले.

या साधनेतून आणखी एक गोष्ट घडली. ऑर्गन, गिटार आणि ड्रम असे तीनच वादक संपूर्ण वाद्यवृंदाचा भरणा करू शकतात, हे सिद्ध झाले. बासवादकाची गरज उरली नाही. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील लहान क्लबना मोठे वाद्यवृंद परवडत नसत. त्यांना ही तिघांची जोडणी सोयीची झाली.

चाळीस सत्रे

‘ब्लू नोट’ या ध्वनिमुद्रिका कंपनीचे संस्थापक आल्फ्रेड लायन आणि त्यांचे भागीदार फ्रान्सिस वोल्फ हे मूळचे बर्लिनचे, नाझी राजवटीच्या काळात जर्मनी सोडून आलेले. १९५६ च्या आरंभी हार्लेममधील ‘स्मॉल्स पॅरडाइज’ या क्लबमध्ये त्यांनी स्मिथ यांना ऐकले आणि लगेच करारबद्ध केले. पहिल्याच ध्वनिमुद्रिकेच्या नावात नवा नाद आणि नवा तारा अशी ग्वाही देण्यात आली होती. त्यानंतर कामाचा जो धडाका सुरू झाला, तो थक्क करणारा आहे. आठ वर्षांत या एका कंपनीसाठी त्यांनी सुमारे चाळीस ध्वनिमुद्रण सत्रे केली. फेब्रुवारी १९५७ मध्ये तर लागोपाठ तीन दिवसांत पाच तबकड्या भरतील एवढे संगीत त्यांनी वाजवून ठेवले. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या प्रतिष्ठेच्या जॅझ महोत्सवात त्यांचे वादन झाले. ब्लू नोट ही तशी छोटी कंपनी. स्मिथ यांच्या तबकड्यांच्या खपाने तिला मोठाच आधार दिला.

या काळातील ‘द सर्मन’ या तबकडीचा उल्लेख येथे मुद्दाम करायला हवा. सर्मन म्हणजे प्रवचन. तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापणारी, सुमारे वीस मिनिटांची ही ब्लूज रचना १९५८ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. स्मिथ खर्ज आणि ठेका सांभाळत बसतात आणि एकेक वादक पुढे येऊन आपले म्हणणे मांडून जातो. ड्रमवर आर्ट ब्लेकी, गिटारवर केनी बरेल, सॅक्सोफोनवर लू डोनाल्डसन आणि टीना ब्रूक्स. ट्रम्पेटवर होता ली मॉर्गन, फिलाडेल्फियाचाच, अवघा एकोणीस वर्षांचा. तरुण ट्रम्पेटवादकाला आपल्या खर्जाच्या आधारावर मोकळे सोडण्याची स्मिथ यांची सवय अशी जुनी होती.

२५ एप्रिल १९६० या एकाच दिवशी त्यांनी ‘बॅक अ‍ॅट द चिकन शॅक’ आणि ‘मिडनाइट स्पेशल’ या दोन तबकड्यांचे ध्वनिमुद्रण केले. सोबत स्टॅनली टरेंटाइन यांचा भारदस्त टेनर सॅक्सोफोन होता. चर्चमधील भक्तिसंगीताची ऊब, ब्लूजचा करुण रस आणि बीबॉपची चपळाई यांचा असा मेळ पूर्वी क्वचितच ऐकू आला होता. फिलाडेल्फिया ही बघता बघता ऑर्गनची राजधानी झाली. शर्ली स्कॉट, जिमी मॅकग्रिफ, चार्ल्स अर्लंड, ट्रुडी पिट्स अशी नावे याच शहराने दिली. गोदामात एकट्याने शोधलेली वाट आता हमरस्ता बनली होती.

लोकप्रियता आणि तिची किंमत

१९६२ मध्ये स्मिथ ‘व्हर्व्ह’ या मोठ्या कंपनीकडे वळले. ऑलिव्हर नेल्सन यांनी सजवलेल्या मोठ्या वाद्यवृंदासह त्यांनी ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ ही एल्मर बर्नस्टीन यांची चित्रपटधून वाजवली आणि ती अमेरिकेच्या सर्वसाधारण लोकप्रियतेच्या यादीत २१ व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. जॅझच्या ऑर्गनवादकासाठी हे यश असाधारण होते. १९६४ मध्ये लालो शिफ्रिन यांच्याबरोबरची ‘द कॅट’ गाजली. १९६६ मध्ये गिटारवादक वेस मॉन्टगोमरी यांच्याशी त्यांची जोडी जमली. पैसा आला, जगभर दौरे झाले. त्याबरोबर समीक्षकांची कुरबूरही सुरू झाली. ठरलेल्या साच्यातील धुना आणि वाद्यवृंदाचा झगमगाट यांत गोदामातला तो धाडसी वादक हरवत चालला आहे, असा या टीकेचा सूर होता. ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. मात्र त्याच तबकड्यांनी जॅझकडे कधीही न वळलेल्या हजारो श्रोत्यांना ऑर्गनचे वेड लावले, हेही विसरून चालणार नाही.

१९७२ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका क्लबात त्यांच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण झाले. त्या क्लबचे नाव ‘बॉम्बे बायसिकल क्लब’. मुंबईशी त्याचा संबंध नावापुरताच, परंतु तिथे वाजलेली ‘रूट डाउन’ ही धून पुढे अनपेक्षित रीतीने कामाला येणार होती.

तोपर्यंत काळ फिरला होता. वजनाला हलके, उचलून नेता येणारे सिंथेसायझर बाजारात आले. एका माणसाने काखोटीला मारून नेता येईल असे वाद्य असताना १९० किलोंचा ऑर्गन कोण हलवणार? हॅमंड कंपनीने १९७० च्या दशकाच्या मध्यावर फिरत्या चाकांच्या ऑर्गनचे उत्पादनच थांबवले. क्लबमधले ऑर्गन गोदामांत आणि तळघरांत जाऊन पडले. वादक मात्र त्याच वाद्याशी बांधलेले राहिले. स्मिथ आणि त्यांच्या पत्नी लोला यांनी लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात स्वतःचा उपाहारगृहवजा क्लब काढला. तिथे ते स्वतः वाजवत. काही वर्षांतच तो बंद पडला.

या पडत्या काळातील एक नोंद अनेकांना ठाऊक नसते. १९८७ मध्ये मायकेल जॅक्सनचे ‘बॅड’ हे गाणे जगभर घराघरांत वाजले. निर्माते क्विन्सी जोन्स यांनी त्या गाण्यात ऑर्गनचा एक छोटा, तडफदार तुकडा योजला होता. तो वाजवला होता जिमी स्मिथ यांनी. कोट्यवधी लोकांनी त्यांचा ऑर्गन ऐकला, फक्त तो कोणाचा आहे हे त्यांतील बहुतेकांना माहीत नव्हते.

नव्या मुलांची साथ

नोव्हेंबर १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फॅट ट्युसडेज’ क्लबमध्ये स्मिथ, टरेंटाइन आणि बरेल हे जुने सोबती ड्रमवादक ग्रेडी टेट यांच्यासह एकत्र आले आणि त्या मैफलीची ध्वनिमुद्रिका रसिकांनी उचलून धरली. १९९४ मध्ये ‘बीस्टी बॉइज’ या रॅप गटाने ‘रूट डाउन’मधील तुकडा उचलून त्यावर त्याच नावाचे गाणे रचले. एकवीस-बावीस वर्षांपूर्वीचा तो ठेका महाविद्यालयीन मुलांच्या कानात घुमू लागला. ‘डॅम!’ची पार्श्वभूमी ही अशी होती.

तरुण वादकांच्या बाजूने पाहिले तर त्यांचीही एक अडचण होती. विन्टन मार्सालिस यांच्या उदयानंतर मोठ्या कंपन्यांनी विशीतल्या अनेक जॅझवादकांना करारबद्ध केले होते. ही मुले शिकलेली, तयारीची होती, परंतु बुजुर्गांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षे उमेदवारी करण्याची जुनी पद्धत संपत आली होती. अशा उमेदवारीची सर्वांत मोठी शाळा चालवणारे आर्ट ब्लेकी १९९० मध्ये गेले, त्यापाठोपाठ १९९१ मध्ये माइल्स डेव्हिस. ध्वनिमुद्रिका ऐकून शैली शिकता येते. लय कुठे किंचित मागे खेचावी, दुसऱ्याच्या वादनाला कधी वाट मोकळी करून द्यावी, हे मात्र शेजारी बसूनच कळते. शेजारी बसावे अशी माणसे एकेक करून कमी होत होती.

‘डॅम!’मध्ये हारग्रोव्ह आणि पेटन हे ट्रम्पेटवादक आहेत. मार्क टर्नर, रॉन ब्लेक, टिम वॉरफील्ड आणि एब्रहम बर्टन यांचे सॅक्सोफोन आहेत. गिटारवर मार्क व्हिटफील्ड आहे. ऑर्गनवादक जॅक मॅकडफ यांच्याकडे तो आधी काम करून आलेला, त्यामुळे ऑर्गनशी संगत करण्याची रीत त्याला ठाऊक होती. ड्रमसाठी मात्र बर्नार्ड पर्डी आणि आर्थर टेलर अशी दोन अनुभवी माणसे बोलावण्यात आली. हॉरेस सिल्व्हर यांची ‘सिस्टर सेडी’, हर्बी हॅनकॉक यांची ‘वॉटरमेलन मॅन’, जेम्स ब्राउन यांचे ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ अशा स्मिथ यांच्या उमेदीच्या काळातील रचना निवडल्या होत्या.

ही ध्वनिमुद्रिका ऐकताना जाणवते ते असे, की स्मिथ येथे शिक्षकाच्या खुर्चीवर बसलेले नाहीत. ते खर्ज धरतात, पोरांना रान मोकळे करून देतात आणि कोणी वेगात निघाला की मागून एखादा तीव्र स्वरसमूह देऊन त्याला डिवचतात. स्वतःची पाळी आली की जुन्या जोमाने तुटून पडतात. ‘द सर्मन’मध्ये एकोणीस वर्षांच्या मॉर्गनला मिळालेली मोकळीक सदतीस वर्षांनी पेटन आणि हारग्रोव्ह यांच्या वाट्याला आली. आणि स्मिथ यांना काय मिळाले? ज्या कंपनीसाठी त्यांनी कीर्तीचे शिखर गाठले, तिचे दार पुन्हा उघडले आणि आपले वाद्य संग्रहालयात जमा झालेले नाही याची खात्री पटली. या सत्रानंतर काही दिवसांतच, फेब्रुवारी १९९५ मध्ये, आर्थर टेलर यांचे निधन झाले. शेजारी बसण्याची संधी किती थोडी उरली होती, हे त्यातून ध्यानात येते. हारग्रोव्ह, पेटन, व्हिटफील्ड यांच्यासोबत फिलाडेल्फियाचा बासवादक ख्रिश्चन मॅकब्राइड याला घेऊन केलेली ‘एंजल आइज’ ही संथ धुनांची ध्वनिमुद्रिका १९९६ मध्ये आली.

दोन ऑर्गन, एक मंच

स्मिथ यांचा खरा वारस मात्र ऑर्गनवरच बसलेला होता. जोई डीफ्रान्सेस्को याचा जन्म १९७१ मधला, तोही फिलाडेल्फियाच्या परिसरातला. वडील ऑर्गनवादक. लहानपणापासून स्मिथ यांच्या तबकड्या ऐकत तो वाढला, किशोरवयातच माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर दौऱ्यावर गेला आणि विस्मरणात चाललेल्या हॅमंडला त्याने नव्या पिढीत पुन्हा उभे केले. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅझ महोत्सवात गुरुस्थानी असलेले स्मिथ आणि डीफ्रान्सेस्को यांनी दोन ऑर्गन मांडून एकत्र वादन केले. गोदामात ज्यांच्यासमोर फक्त भिंत आणि तिच्यावरचा कागद होता, त्यांच्यासमोर आता त्यांचीच भाषा अस्खलित बोलणारा माणूस बसला होता.

२००४ मध्ये स्मिथ अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स परिसरात राहायला गेले. त्याच वर्षी पत्नी लोला यांचे निधन झाले. डीफ्रान्सेस्कोसह त्यांनी आणखी एक ध्वनिमुद्रिका पूर्ण केली. तिचे नाव ‘लेगसी’, अर्थात वारसा. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेतील जॅझवादकांना मिळणारा सर्वोच्च सरकारी सन्मान ‘जॅझ मास्टर’ त्यांना प्रदान करण्यात आला. त्यानंतर महिनाभरातच, ८ फेब्रुवारी २००५ रोजी, राहत्या घरी त्यांची प्राणज्योत मालवली. ‘लेगसी’ त्याच महिन्यात प्रकाशित झाली.

पुढच्या काळाने या वारशावरही घाव घातले. रॉय हारग्रोव्ह २०१८ मध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी गेला, डीफ्रान्सेस्को २०२२ मध्ये ५१ व्या वर्षी. ज्यांनी दीर्घकाळ हा ठेवा सांभाळायचा, तेच अकाली निघून गेले. तरीही हॅमंडसमोर बसणारा नवा विद्यार्थी आज पहिल्यांदा करतो ते हेच. वरचे पहिले तीन ड्रॉबार पूर्ण ओढतो, डाव्या हाताने चालता खर्ज धरतो आणि खाली न पाहता पायाने पट्टी शोधू लागतो. त्याच्यासाठी तो नकाशा फिलाडेल्फियातल्या एका गोदामाच्या भिंतीवर केव्हाच काढून ठेवलेला आहे.